दोन हात चार बोटं

शैलजा इंगवले आमच्या तालुक्यात येणार असल्याचं परिपत्रक आलं, त्या दिवशी मी बिनसाखरेचा चहा प्यायले आणि कप रिकामा झाल्यावर ते माझ्या लक्षात आलं. परिपत्रकात तिच्या नावामागे 'प्रकल्प संचालक' असं होतं. माझ्या नावामागे गेली तीस वर्षं 'भूकरमापक' आहे. म्हणजे जमिनी मोजणारी बाई. गावोगावचे लोक मला 'मोजणीवाल्या बाई' म्हणतात. हेमलता कणसे हे नाव फक्त पगारपत्रकात असतं.

शैलजा आणि मी जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये एका बाकावर होतो. तेव्हा उपग्रहावरची मोजणी सुरू झाली होती, पण परीक्षेला साखळी असायची. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची म्हणजे सोळा सारख्या भागांची लोखंडी साखळी, दर आण्याला एक पितळी चकती. तिच्या लांबीएवढ्या बाजूचा चौरस केला की एक गुंठा होतो. साखळीला दोन माणसं लागतात. एक पुढचं टोक घेऊन चालतो, ताण देतो, आकडा पुकारतो. दुसरा मागचं टोक खुणेवर दाबून बसतो. दोन वर्षं पुढचं टोक शैलजाकडे आणि मागचं माझ्याकडे. असं कुणी ठरवलं नव्हतं. ती पहिल्याच दिवशी पुढे चालायला लागली आणि मी बसले. सर यायचे, विचारायचे, 'इंगवले, किती आलं?' मागे कोण बसलंय हे बघायचं त्यांना कारणच नव्हतं.

शेवटच्या परीक्षेत मी एक गोष्ट केली. तिसऱ्या ओढीला माझं टोक खुणेवरून पुढे सोडलं. फार नाही, चार बोटं. तपासणीच्या रेघेत फरक आला, आकडे जुळेनात आणि पुकारणारी शैलजा म्हणून दोष तिला लागला. तिचा पहिला नंबर हुकला. तो मला मिळाला असता तर निदान काही अर्थ होता, पण तो कराडच्या एका मुलाला मिळाला. ही गोष्ट मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेली नव्हती.

तर ती शैलजा चौतीस वर्षांनी, म्हणजे २०४४च्या जानेवारीत, आमच्या ऑफिसच्या दारात गाडीतून उतरली. केस पांढरे झालेले आणि ते तिला शोभत होते. माझे मी दर महिन्याला रंगवते. तिनं सगळ्यांदेखत मला मिठी मारली आणि 'हेमे, तू आहेस म्हणून मी हा तालुका मागून घेतला' असं म्हणाली. आमचे कुंभारसाहेब एवढे खूश झाले की दुसऱ्या मिनिटाला त्यांनी मला चहा सांगायला पाठवलं.

तिनं आणलेल्या यंत्राचं नाव 'हद्दमित्र'. सरकारी नाव असं असलं तरी गावातले लोक नुसतं 'मित्र' म्हणायला लागले. मोबाइलएवढं, हातात मावणारं. ते घेऊन आपल्या शेतात उभं राहायचं. पडद्यावर तुमच्या गटाचा नकाशा दिसतो आणि तुम्ही त्यात कुठे उभे आहात ते बोटभर फरकानं कळतं. स्वतःच्या हद्दीत असाल तर पडदा हिरवा. हद्द ओलांडली की लाल, आणि यंत्र तळहातात थरथरतं.

बोटभर फरकाचं काम आम्ही आधीही करत होतो, पण त्याला मोजणीचा अर्ज लागायचा, शेजाऱ्यांना नोटिसा जायच्या, महिने जायचे. पूर्वीचं आमचं यंत्र एकट्यानं चालतच नसे. उपग्रहांचा संदेश हवेतून येताना थोडा वाकडातिकडा होतो. तो सरळ करायला जमिनीत पक्के रोवलेले मनोरे होते. आमच्या यंत्राची काठी प्रत्येक वेळी जवळच्या मनोऱ्याला विचारायची, 'तुझ्यापासून मी किती लांब?' मनोरा गेला की काम थांबलं. हद्दमित्राला मनोरा लागत नाही. दुरुस्तीसुद्धा थेट उपग्रहांकडूनच येते आणि जागा पृथ्वीच्या मध्यापासून मोजली जाते. त्यामुळे कुणीही, कधीही, स्वतःच्या पायांनी आपली हद्द चालू शकतो. अर्ज नको, नोटीस नको, मोजणीवाली बाई तर नकोच.

हे शेवटचं ती म्हणाली नाही. मी ऐकलं.

तीन तालुक्यांतली तीन गावं निवडली होती. आमच्याकडचं गाव खडकवण. शैलजानं तिथे मारुतीच्या पारावर बसून बायांना यंत्र शिकवलं. दोन दिवसांत बाया तिला 'शैलाताई' म्हणायला लागल्या. चौथ्या दिवशी सरपंचानं तिचा सत्कार केला. नारळ, शाल आणि फेटा. फेटा बांधताना तिच्या पर्सला जागा नव्हती, ती मी धरली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गाव पेटलं.

सुरुवात मंगलताई लावंडांनी केली. त्यांचं रान आणि छबूताई खरातांचं रान यांच्यामध्ये एक बांध आहे, त्यावर करंजाचं झाड. पंचवीस वर्षं दोघी बाया दुपारची भाकरी त्या करंजाखाली एकत्र खात आल्या होत्या. छबूताईंची विहीर बांधाला अगदी लागून, दोन फुटांवर. मंगलताई हद्दमित्र घेऊन बांधावर चढल्या, पलीकडे उतरल्या, आणि पडदा हिरवाच राहिला. आणखी एक पाऊल टाकलं, तेव्हा कुठे लाल झाला. नकाशाप्रमाणे मंगलताईंची हद्द छबूताईंच्या रानात एक मीटर आत होती. विहिरीचा अलीकडचा कठडा त्या मीटरात येत होता.

"पंचवीस वरसं माझ्या ताटात जेवली," मंगलताई मला म्हणाल्या, "आन् माझंच रान खाल्लं."

मी म्हटलं, हा बांध मी स्वतः पाहिलाय, तो हललेला नाही. त्यावर त्यांनी मला यंत्र दाखवलं. "मग मित्र खोटं बोलतुया व्हय?"

एका आठवड्यात ऑफिसात बेचाळीस तक्रारी आल्या. ज्याला त्याला शेजाऱ्यानं आपली जमीन दाबल्याचं कळलं होतं. लोक यंत्र घेऊन दुसऱ्याच्या पिकांतून फिरायला लागले. सख्ख्या चुलत्यांचं बोलणं बंद झालं. शेजाऱ्याचं चांगलं चाललेलं आधीच ज्याला बघवत नव्हतं, त्याला आता बोटभर अचूक कारण मिळालं. 'तरीच म्हटलं ह्याचा ऊस एवढा कसा' हे वाक्य मी त्या आठवड्यात चार वेळा ऐकलं. त्यांच्यावर हसायचा मला काही अधिकार नव्हता.

तक्रारींची वर्गवारी करायचं काम माझ्याकडे आलं. शैलजा मीटिंगमध्ये, शैलजा फोनवर, त्यामुळे कागदांचे गठ्ठे हेमलताकडे. मंगळवारी दुपारी मी गावाचा नकाशा टेबलावर पसरला आणि प्रत्येक तक्रारीसाठी पेन्सिलीनं एक बाण काढत गेले. ज्या बाजूच्या शेजाऱ्यानं दाबलं म्हणतात, त्या बाजूला बाण. वीस बाण झाल्यावर माझा हात थांबला.

सगळे बाण नैऋत्येकडे होते.

बेचाळीसच्या बेचाळीस. पूर्वेच्या शेजाऱ्याची तक्रार नाही, उत्तरेच्याची नाही. आणि प्रत्येकाचं जेवढं नैऋत्येला गेलं होतं, तेवढंच त्याला ईशान्येला मिळत होतं, फक्त त्याबद्दल कुणी अर्ज केला नव्हता. चोर चारी दिशांना चोरी करतो. एकाच दिशेला, सगळ्या गावानं, सारखंच एक मीटर ढापायचं, हे माणसांचं काम नव्हतं. एक मीटर म्हणजे दोन हात आणि चार बोटं. मी टेबलावर हात ठेवून मोजलं, आणि मला ते कळलं.

जमीन सरकली होती. खडकवणची नव्हे, सगळीच. आपला अख्खा देश ज्या खडकाच्या थाळीवर बसलाय ती थाळी ईशान्येकडे चालली आहे, वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर, आपली नखं वाढतात त्याच चालीनं. एसटीत शेजारी बसलेल्या दोघांना एकमेकांपासून सरकल्याचं कळत नाही. आमची जुनी यंत्रं मनोऱ्याला विचारायची, आणि मनोराही त्याच एसटीत बसलेला. म्हणून ही चाल आम्हाला कधी दिसली नाही. हद्दमित्र मात्र रस्त्यावर उभं राहून एसटीकडे बघतं. आमचे नकाशे २०२४ साली पक्के झाले. वीस वर्षं, वर्षाला पाच सेंटीमीटर, म्हणजे बरोबर एक मीटर. माणसं, बांध, विहिरी आणि करंज सगळे मिळून एक मीटर पुढे आले होते. नकाशा तेवढा मागे, नैऋत्येला राहिला होता.

शैलजाला हे ठाऊक नसेल असं होणार नव्हतं. तिनं यंत्रात त्याची सोय केलीच होती. नकाशा कोणत्या सालचा हे यंत्र आधी वाचतं, तेवढ्या वर्षांची चाल त्यात मिळवतं आणि मग हद्द दाखवतं. इतर दोन गावांत सगळं जुळलं होतं. मग आमच्याच गावात का नाही? मी संगणकावर खडकवणच्या नकाशाचं शीर्षक उघडलं. 'संदर्भ वर्ष' या रकान्यात २०२४ हवं होतं. तिथे २०४३ होतं. नकाशा गेल्या वर्षीचाच आहे असं समजून यंत्रानं जवळजवळ काहीच मिळवलं नव्हतं.

आता ते २०४३ कुठून आलं? आमच्या खात्याचं वर्ष एक ऑगस्टला सुरू होतं. त्या दिवशी ऑफिसातल्या प्रत्येक रजिस्टरवरचं साल बदलायचं, हा आमच्याकडचा रिवाज. कितीही काम असो, साल आधी बदलायचं. २०३१ साली रेकॉर्डचं काम माझ्याकडे आलं. रजिस्टरं झाली, मग मी संगणकावरही जिथे 'वर्ष' दिसलं तिथे नवं साल घातलं. एक कळ दाबली की सगळ्या गावांचं एकदम होत होतं. त्यानंतर दर एक ऑगस्टला, तेरा वर्षं, मी ती कळ दाबत आले. साहेबांनी एकदा माझं कौतुकही केलं होतं की कणसेबाईंचं रेकॉर्ड कायम अद्ययावत असतं.

म्हणजे मागचं टोक पुन्हा माझ्याच हातून सुटलं होतं. ह्या वेळी न कळत, आणि एक मीटर.

मी नकाशाची गुंडाळी केली आणि गप्प बसले.

भीतीनं गप्प बसले असं सांगितलं तर लोक समजून घेतील. नोटीस येईल, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, वगैरे. भीती होतीच. पण खरं ते नाही. खरं हे की त्याच दिवशी चार वाजता खडकवणचे लोक ऑफिसात आले होते आणि शैलजाला घेरून ओरडत होते. ज्या सरपंचानं फेटा बांधला होता तोच म्हणत होता, की तुमच्या मित्रानं गावात मित्र ठेवले नाहीत. शैलजाचा चेहरा उतरला होता. तिच्या केसांची एक बट सुटून कपाळावर आली होती आणि ती मागे सारायचंही तिला भान नव्हतं. मी दाराशी उभी राहून बघत होते आणि मला बरं वाटत होतं. पोटभर जेवल्यासारखं बरं वाटत होतं.

बुधवारी ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. आयटीआयमध्ये असताना करायची तसा डबा उघडला आणि न विचारता अर्धी भाजी माझ्या झाकणात काढली. वांग्याची होती. म्हणाली, दोन गावं बरोबर आणि एकच चूक, असं कसं होईल? यंत्र तपासलं, उपग्रह तपासले, रात्रंदिवस आकडे काढतेय. वरून फोन येतायत. नकाशाच्या शीर्षकाचं तिनं नाव काढलं नाही. ते तालुक्याचं रेकॉर्ड, ते बरोबर असणारच, असं ती धरून चालली होती. आणि इथे तर रेकॉर्ड माझ्याकडे होतं.

"हेमे, तू इथली जमीन चाललीयस," ती म्हणाली. "तुला काही दिसतंय का?"

"नाही," मी म्हटलं. भाजी चांगली झाली होती, त्याचाही मला राग आला.

गुरुवारीही मी काही बोलले नाही. त्या दिवशी कुंभारसाहेबांनी निर्णय घेतला, की नकाशा कायदेशीर आहे, यंत्र सरकारी आहे, तेव्हा ज्यांना बांध सरकवायचे त्यांनी सरकवावेत. शुक्रवारी सकाळी पहिला बांध मंगलताईंचा. रेघ मारायला आमच्या ऑफिसचं माणूस हवं, आणि ते माणूस मी.

शुक्रवारी नऊ वाजता मी बांधावर पोहोचले तेव्हा जेसीबी आलेला होता. मंगलताई करंजाच्या एका बाजूला उभ्या, छबूताई विहिरीच्या कठड्यावर बसलेल्या. त्यांच्या रानाच्या नैऋत्येला ओढा आहे. म्हणजे नकाशानं त्यांचं विहिरीकडचं एक मीटर काढून घेतलं होतं आणि बदल्यात ओढ्यातले दगडगोटे दिले होते. तिथे भांडायलाही त्यांना कुणी नव्हतं.

मी हद्दमित्र हातात धरलं. हिरवं संपून लाल लागलं तिथे यंत्र थरथरलं. दुसऱ्या हातात चुन्याच्या फक्कीची पाटी होती. मी वाकले आणि फक्की मारायला सुरुवात केली. चार फूट पांढरी रेघ ओढली. ती विहिरीच्या कठड्यावर चढायला लागली तशा छबूताईंनी आपले पाय वर घेतले. माझ्या रेघेला वाट करून दिली.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्यो बांध तुमीच मोजून दिल्ता. मी नवी नवरी व्हते. तवा चुकला व्हता का?"

मला आठवला. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातला बांध. उन्हात तीन वेळा मोजला होता, कारण मागे बसणारं माणूस नवं होतं आणि मला त्याचा भरवसा नव्हता. तो बांध चुकलेला नव्हता. तीस वर्षांत मी एकही रेघ खोटी मारली नव्हती. शैलजाकडे सगळं होतं, माझ्याकडे तेवढंच होतं, आणि ते मी आता स्वतःच्या हातानं पांढऱ्या फक्कीनं पुसत होते.

मी पाटी खाली ठेवली. जेसीबीवाल्याला म्हटलं, बंद कर. मंगलताईंनी आवाज चढवला, त्यांना म्हटलं दुपारपर्यंत थांबा. मग करंजामागे जाऊन शैलजाला फोन लावला.

"संदर्भ वर्ष बघ," मी म्हटलं. "चोवीस हवंय, त्रेचाळीस आहे. दर एक ऑगस्टला बदललं गेलंय. सगळे बाण नैऋत्येला आहेत."

ती एवढंच म्हणाली, "एक मीटर." अर्ध्या वाक्यात तिला सगळं कळलं. आयटीआयमध्येही असंच व्हायचं. कुणी बदललं हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दुपारी दोनला शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. शैलजा आली तेव्हा बट जागेवर होती. तिनं फळ्यावर थाळी काढली, एसटी काढली, रस्त्यावरचा माणूस काढला. ती एसटी माझी होती असं मला वाटलं, पण एसटी काही कुणाच्या मालकीची नसते. ती म्हणाली, तुमच्या गावात कुणी कुणाचं रान खाल्लेलं नाही. तुमचं गाव वीस वर्षांत दोन हात चार बोटं चाललंय, आणि आमच्या यंत्रानं ते पकडलंय. रेकॉर्डमध्ये एक किरकोळ कार्यालयीन नजरचूक होती, ती आज सकाळी आमच्या लक्षात आली. ती आत्ता दुरुस्त केली आहे.

लोक टाळ्या वाजवायला लागले. कुंभारसाहेब पुढे झाले आणि म्हणाले, की इंगवले मॅडमच्या अभ्यासू नजरेतून काहीच सुटत नाही. सरपंच फेट्याच्या माणसाला शोधायला लागला.

मी मागच्या रांगेत बसले होते. मला वाचवलं गेलं होतं. 'कार्यालयीन नजरचूक' म्हणजे कुणाचीच नाही. मी घरी जाऊन निवांत झोपू शकत होते. आणि माझ्या अंगाचा नुसता जाळ होत होता. बाण मी काढले होते. नैऋत्य मी ओळखली होती. तीन दिवस ती आकडे काढत बसली आणि जे तिला दिसलं नाही ते मला पेन्सिलीनं दिसलं होतं. पण ते सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार होतं, की ते साल घातलं कुणी.

मी उभी राहिले. ह्यात प्रामाणिकपणा किती होता म्हणून कुणी विचारलं तर मी सांगेन, चिमूटभर. बाकी सगळी असूया.

"चूक आमच्या लक्षात आलेली नाही," मी म्हटलं. "माझ्या लक्षात आलीय. मंगळवारी. आणि ते साल तेरा वर्षं मीच बदलत आले. दोन्ही मी केलंय. दोन्ही माझ्या नावावर लिहा."

कुंभारसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की नोटिशीचा मजकूर मला तिथेच वाचता आला. ती पुढच्या आठवड्यात खरंच आली. शैलजानं माझ्याकडे पाहिलं. मग फळ्याकडे वळली आणि खडूनं लिहिलं, 'चूक लक्षात आली : हेमलता कणसे, मंगळवार'. त्याखाली लिहिलं, 'संदर्भ वर्ष बदलले : हेमलता कणसे'. अक्षर दोन्ही ओळींना सारखंच काढलं.

लोकांचं मात्र समाधान झालेलं नव्हतं. मंगलताई उठल्या. "समदी जमीन सरकली म्हंता, तर मग माझ्याच पायाखाली कळायला नगं? सकाळी मित्र एक सांगतुया, दुपारी दुसरं. आमी कशावर इस्वास ठेवायचा?"

ह्याचं उत्तर उपग्रहाकडे नव्हतं. माझ्याकडे होतं. आमच्या जीपच्या मागच्या सीटखाली ती जुनी साखळी पडलेली होती. निर्लेखनाचा कागद कधी झालाच नाही, म्हणून तिला कुणी टाकू शकत नव्हतं. आणि शंभर वर्षांपूर्वीच्या टिपणात, म्हणजे मोजणीच्या मूळ वहीत, लिहिलं होतं, की गावच्या शिवेच्या दगडापासून हा बांध बारा साखळ्या पाच आणे. दगडही त्याच एसटीत, बांधही त्याच एसटीत. बांध हलला नसेल तर आकडा हलणार नाही.

सगळं गाव शिवेच्या दगडाशी गोळा झालं. शैलजा खाली वाकली आणि सवयीनं साखळीचं पुढचं टोक उचललं.

"आज पुढे मी," मी म्हटलं.

तिनं टोक माझ्या हातात दिलं, साडी खोचली आणि दगडाशी उकिडवी बसली.

पुढे चालणं मी समजत होते तेवढं सोपं नव्हतं. साखळीचं सगळं वजन ओढणाऱ्यावर येतं. ती गवतात अडकते, काट्यात अडकते, आणि ताण द्यायला जावं तर तळहात सोलतो. मी आकडा पुकारत होते, 'एक', 'दोन', आणि गाव माझ्यामागे पुकारत होतं. मला ते फार आवडलं. सळई रोवायची, पुढे जायचं, मागे शैलजा त्या सळईपाशी येऊन बसायची. बारा झाल्या. पाच आणे राहिले, जेमतेम दहा फूट. मी साखळी करंजापर्यंत ताणली आणि पाचव्या आण्याची पितळी चकती जमिनीला टेकवली.

ती बांधाच्या मध्याच्या पुढे पडली. छबूताईंच्या बाजूला. फार नाही.

"बगा," मंगलताई म्हणाल्या. "बगा, हाय का न्हाई माझी जमीन."

मी मागे वळले. शैलजा सळईपाशी बसली होती. साखळीचं टोक सळईच्या पुढे आलेलं होतं आणि त्या फटीत तिनं आपली चार बोटं आडवी ठेवलेली होती. ती माझ्याकडेच बघत होती. बोटं फटीत अगदी नेमकी बसली होती.

"टोक सुटलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चूक माझी. मागे बसणाऱ्याची." मग आवाज खाली आणून, फक्त मला, "माझ्याकडून चौतीस वर्षं सुटायचं राहिलं होतं."

तिला माहीत होतं. नंबर हुकला त्या दिवसापासून माहीत होतं आणि तिनं माझ्या झाकणात भाजी वाढली होती. ह्यातही ती माझ्या पुढेच राहिली, असं मला वाटलं. खरंच वाटलं, आणि त्याच वेळी मला रडूही येत होतं.

तिनं टोक मागे नेलं, सळईला लावलं आणि त्यावर दोन्ही अंगठे दाबून धरले.

"हं. ओढ आता."

मी ओढली. पाचव्या आण्याची चकती करंजाच्या मुळाशी, बांधाच्या बरोबर मध्यावर टेकली. मंगलताई वाकल्या, चकती बोटानं दाबून बघितली, हलत नाही अशी खात्री केली. मग विहिरीकडे बघत, मान वर न करता म्हणाल्या, "छबे, तू बी ये. दाबून बग."